खेड्यात खाऱ्या पाण्याची टाकी: आधी एक उन्हाळा मोजून घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या आर्वी तालुक्यातले गाव, घरी चार वर्षांपासून गोड्या पाण्याची ३ फुटी टाकी चांगली चालू आहे. आता २ फुटी टाकीत खारे पाणी करायचे, त्यात क्लाउनफिशची जोडी, एक निळा टँग आणि थोडे कोरल ठेवायचे. बजेट २५ हजार. मुलाचा वाढदिवस एप्रिलमध्ये, म्हणून घाई. दुकानदार म्हणतो, बाटलीतले बॅक्टेरिया टाका आणि आठ दिवसांत मासे सोडा. तर आठ दिवस पुरतात का, नाहीतर किती दिवस थांबावे?

आठ दिवस पुरत नाहीत. दीड-दोन महिने धरून चाला. पण एवढेच उत्तर दिले तर तुमचे नुकसान होईल, कारण तुम्ही पहिला मासा कधी सोडायचा ते विचारत आहात आणि अडचण त्याच्या पुढे आहे. मी पूर्णाकाठचा, दर्यापूरकडचा. टाक्या लावून देणे आणि सांभाळणे हेच माझे काम. आपल्या भागात खाऱ्या पाण्याच्या ज्या टाक्या मासे मरून बंद पडल्या, त्यातल्या बहुतेकांचे पहिले दोन महिने ठीक गेले होते. त्या बंद पडल्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता लाइन गेल्यावर. म्हणून मी कुणालाही आधी मासा विचारत नाही. टाकी कोणत्या खोलीत राहणार, त्या खोलीचे छत कशाचे आणि तुमच्या फीडरवर लाइन किती वेळ जाते, हे विचारतो.

समुद्रातल्या बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २७ अंश पाणी लागते. २९-३० पर्यंत क्लाउनसारखे काटक मासे काही दिवस काढतात. ३२ च्या पुढे प्रकरण अवघड होते, आणि त्याचे कारण एकटी उष्णता नसते. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापले की हा आकडा आणखी उतरतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. त्यात पंप बंद पडला की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, हवा मिसळत नाही. गोड्या पाण्यातला गुरामी वर येऊन हवा घेतो, गप्पीही पृष्ठभागाशी येऊन तग धरतो. क्लाउन किंवा टँगला ही सोय नाही. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत तीन तास लाइन नसली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. इथे मात्र तेवढ्यात खेळ संपू शकतो.

आता यात बरेच काही तुमच्या घरावर अवलंबून आहे. जुने जाड मातीच्या भिंतीचे, कवेलूचे घर असेल आणि मधल्या खोलीत टाकी असेल तर दुपारचे तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच खाली राहते. स्लॅबचे घर रात्री अकरा वाजेपर्यंत आतून भाजत राहते. टिनाखाली खाऱ्या पाण्याची टाकी लावूच नका, कितीही यंत्रे लावली तरी. तुमचे घर मी पाहिलेले नाही, म्हणून एक काम सांगतो आणि ते याच उन्हाळ्यात करा.

जिथे टाकी ठेवायची आहे तिथे ४०-५० लिटरचा प्लास्टिकचा टब साध्या पाण्याने भरून ठेवा. त्यात एक साधा थर्मामीटर. सकाळी सहाला आणि दुपारी चारला आकडा वहीत लिहायचा. बाजूला लाइन कधी गेली, कधी आली तेही. एप्रिलच्या सुरुवातीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत. हे काम वाढदिवसाच्या दिवशी मुलाच्या हाती द्या, पोरे असल्या नोंदी आपल्यापेक्षा नेमाने ठेवतात. जूनमध्ये तुमच्या हातात जी वही असेल, ती कोणत्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगेल. टबातले पाणी दुपारी २९ च्या आत राहत असेल तर पंख्यावर काम भागेल. ३१-३२ जात असेल तर पंखा आणि मोठी टाकी दोन्ही लागतील. ३४ जात असेल तर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा एसीची खोली, नाहीतर गोडे पाणीच बरे. चिलरचीच किंमत तुमच्या सगळ्या बजेटएवढी किंवा त्याहून जास्त होते, आणि तो आपली गरम हवा खोलीतच सोडतो, म्हणजे त्याला बाहेरची जागा काढावी लागते. हे मार्चमध्ये पाणी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले स्वस्त पडते.

पंख्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे विदर्भाला एक फायदा आहे आणि तो कोकणातल्या किंवा मुंबईच्या लोकांना नाही. आपला मे महिना कोरडा असतो. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी खोलीच्या तापमानापेक्षा कितीतरी अंश खाली येते. मुंबईत मे महिन्याच्या दमट हवेत त्याच पंख्याने फार तर दोन अंश उतरतात. डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा: बंद खोलीत कूलर चालू असताना टाकीवरचा पंखा फारसे काम करत नाही, कारण कूलरने हवा आधीच ओली केलेली असते. कूलर लावायचा तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर टाकीची खोली कूलरशिवाय ठेवून फक्त पंखा वापरा. माझा अनुभव दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे, पण घरातल्या माणसांनाही उन्हाळा काढायचा असतो, तेव्हा हे घरात विचारून ठरवा.

या फायद्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. पंखा असलेल्या ३ फुटी टाकीतून मे महिन्यात दिवसाला ४-५ लिटर पाणी सहज उडते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. समजा टाकीत प्रत्यक्ष १६० लिटर पाणी आहे आणि क्षारता हजारी ३५ आहे, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. एक दिवस ५ लिटर उडाले तर ती ३६ च्या थोडी वर जाते, ते चालते. पण आपल्याकडे लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. तीन दिवस लग्नाला गेलात, १५ लिटर उडाले, तर साडेअडतीसच्या वर. म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. कूलरच्या टाकीत असतो तसला छोटा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून वरच्या एका डब्यातून ही भर आपोआप होते. डबा मात्र १५ लिटरपेक्षा मोठा नको. फ्लोट अडकला आणि सगळा डबा एकदम टाकीत रिकामा झाला तरी क्षारता ३२ पर्यंतच उतरेल, मासे वाचतील. २०० लिटरचा ड्रम जोडला तर टाकी गोडी होईल आणि घरभर पाणी होईल ते वेगळे.

वरच्या हिशेबात मी तुमची २ फुटी टाकी धरलेली नाही, हे लक्षात आले असेल. २ × १ × १ फुटाच्या टाकीत जेमतेम ५६ लिटर मावते, दगड-वाळू टाकल्यावर ४५. एवढे पाणी लवकर तापते, लवकर निवते, लवकर खारट होते. लहान टाकी नवशिक्याला गोड्या पाण्यातही अवघडच जाते, खाऱ्यात तर जास्तच. किमान ३ × दीड × दीड फूट घ्या, म्हणजे १९० लिटर. भरल्यावर दगड, काच, स्टँड धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन जाते. फरशी आधी लेव्हलने तपासून घ्या. स्टँड लोखंडी अँगलचा नको, मिठाच्या शिंतोड्यांनी दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. आपल्याकडे सागवान मिळतो, सुतार ओळखीचा असतो, त्याच्याकडून करून घ्या आणि सांधे नीट भरून पॉलिश मारा. काचेला वर झाकण म्हणून बारीक जाळी लावा. काचेच्या झाकणाने बाष्पीभवन अडते आणि पंखा लावून काही उपयोग राहत नाही. जाळी नसेल तर काही मासे उडी मारून बाहेर पडतात.

लाइनबद्दल. घरी इन्व्हर्टर असेल तर उत्तम, पण तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर पंप घरघरतात आणि तापतात. इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरवणारा पंप आणि टाकीचा पंखा ठेवा. दिवे आणि हिटर त्यावर नकोत. पण डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दोन-दोन दिवस लाइन येत नाही, तिथे घरचा इन्व्हर्टर हात टेकतो. त्यासाठी दुसरी सोय हवी, आणि ती अनेकांच्या घरी आधीच असते: बॅटरीच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी. ८ अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर ५ वॅटचा १२ व्होल्टचा एअर पंप निम्मी बॅटरी वापरूनही ९-१० तास चालतो. नुसते बुडबुडे पाण्याला हलते ठेवतात, एवढ्यावर मासे आणि बॅक्टेरिया दोन्ही तग धरतात. अशा दोन बॅटऱ्या आलटून पालटून चार्ज ठेवा.

फवारणी पंपाची बॅटरी म्हटले, पंप नव्हे. तो पंप, त्याची नळी, फवारणीचे कपडे, फवारणी करून आलेले हात, यातले काहीही टाकीच्या खोलीत येता कामा नये. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशी-सोयाबीनवर जे मारले जाते, त्यातले सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड कुळातली कीटकनाशके माशांना फार घातक आणि झिंगे-खेकड्यांच्या कुळाला त्याहून घातक. डास मारायच्या कॉइलमध्ये आणि स्प्रेमध्येही याच कुळातली द्रव्ये असतात. एअर पंप आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतात, म्हणजे खोलीत मारलेला स्प्रे थेट टाकीत. त्या खोलीत डासांसाठी जाळी लावा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, पाहुण्यांनाही. गावात पाहुणा आला की रात्री कॉइल लावून देणे हा पाहुणचारच असतो, आणि त्याला काय माहीत.

पाण्याकडे येतो. तुम्ही लिहिले की गावातल्या आरओ प्लांटचे जारचे पाणी वापरू. पिण्याला ते ठीक, टाकीला अपुरे. ३००-४०० रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घ्या आणि मोजा. बहुतेक प्लांटवाले चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळतात, घरच्या फिल्टरमध्येही टीडीएस कंट्रोलर तेच करतो. मीटरवर ६० दिसले तर त्या ६० मध्ये काय आहे ते मीटर सांगत नाही. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कडकपणा असतो, शेतातल्या खतांचा नायट्रेट उतरलेला असतो, काही गावांत फ्लोराइड. नायट्रेट आणि सिलिकेट टाकीत गेले की शेवाळ महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) एक नळी जोडून टीडीएस शून्यावर आणायचा. कंट्रोलर असेल तर तो पूर्ण बंद. आरओतून बाहेर जाणारे पाणी धुण्या-पुसण्याला किंवा झाडांना वापरा. मे महिन्यात टँकर येणाऱ्या गावात ही गोष्ट शेजाऱ्यांच्या डोळ्यावर येते, म्हणून मी नेहमी सांगतो की पाणीटंचाईच्या गावात हा छंद करायचा की नाही, याचा विचार मनापासून करा. पावसाळ्याअखेर शुद्ध पाण्याचे ड्रम भरून झाकून ठेवणे हा एक मार्ग आहे.

ड्रम प्लास्टिकचा, अन्नासाठीचा. खताच्या किंवा औषधाच्या कॅनला हात लावू नका, कितीही धुतला तरी. तांब्याचा हंडा, पितळी घागर, पितळी तोटी हे पण नको. तांब्याचा अगदी बारीक अंश गोगलगायी, झिंगे, खेकडे यांना मारतो.

आमच्याकडचे लोक एक प्रश्न फार विचारतात, तुम्हालाही कुणीतरी सुचवेलच. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी आधीच खारे आहे, मग मीठ कशाला विकत घ्यायचे? कारण ते खारेपण समुद्राचे नाही. क्षारता समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी आणि क्षारांचे प्रमाण वेगळे. लोणारच्या सरोवराचे पाणी तर इतके अल्कधर्मी की पीएच १० च्या आसपास जातो, समुद्राचा ८.१ ते ८.३. घरचे आयोडीनचे मीठ किंवा खडे मीठसुद्धा चालत नाही. समुद्राच्या क्षारांत साधारण ८५ टक्के साधे मीठ असते, पण उरलेल्या १५ टक्क्यांतले मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम यांच्याशिवाय तो समुद्र नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे मिश्रण घ्या. लिटरला ३६-३८ ग्रॅम, म्हणजे १६० लिटरला ६ किलो. नंतर दर पंधरा दिवसांनी १६ लिटर बदलायचे तर महिन्याला सव्वा किलो. वर्षाचा हिशेब आताच करा, कारण ही पिशवी तालुक्याला मिळत नाही. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या, काचेचा तरंगता काटा गंडवतो. रिफ्रॅक्टोमीटरही हजारी ३५ च्या द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो.

आता बाटलीतल्या बॅक्टेरियाबद्दल. दुकानदार अगदीच खोटे बोलत नाही. मासा अमोनिया सोडतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. तुम्ही वावरात युरिया टाकता तेव्हा काळ्या जमिनीत असेच घडते. फरक एवढा की जमिनीत हे जिवाणू आधीपासून कोट्यवधी असतात आणि कोऱ्या काचेच्या टाकीत जवळपास नसतातच. बाटलीतून ते आणता येतात, आणि चांगल्या बाटलीने वेळ निम्म्यावर येतो. पण ती बाटली एप्रिलमध्ये कुठल्या गोदामात, कुठल्या कुरिअरच्या गाडीत, कुठल्या दुकानाच्या उन्हाच्या कपाटात किती दिवस होती, हे तुम्हाला कोण सांगणार? ४५ अंशांत तापलेल्या बाटलीत जिवंत किती उरले, ते लेबलवर लिहिलेले नसते. बाटली टाका, हरकत नाही. भरवसा टेस्ट किटवर ठेवा.

करायचे असे. पाणी, वाळू, दगड, पंप, हिटर सगळे लावून २६-२७ अंशांवर दोन दिवस चालू द्या. मग अमोनियम क्लोराइड टाकायचे, १६० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. कल्हईवाल्यांकडचा नवसागर म्हणजे तेच रसायन, पण बाजारातला शुद्ध नसतो. प्रयोगशाळेचा घ्या, कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून चिमूटभर मिळतो. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट वर जातो आणि बरेच दिवस वरच अडून बसतो. लोक नेमके इथे कंटाळतात. टाकी स्वच्छ दिसते, पाणी चकाकते, घरचे विचारू लागतात, "काय बावा, नुसतं पाणी पाहून राहिला का रोज?" हा काळ चार ते सहा आठवड्यांचा, कधी आठही. झाले हे कसे ओळखायचे? पुन्हा २ पीपीएम अमोनिया टाकायचा आणि २४ तासांनी मोजायचा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, दोन्ही, तरच टाकी तयार. कॅलेंडर पाहून टाकी तयार होत नाही, म्हणूनच मी तुम्हाला दिवस मोजून देत नाही.

या काळात दिवा बंद ठेवा. काही दुकानांत "सायकल करायला", म्हणजे हे जिवाणू तयार व्हायला, म्हणून तीन पट्ट्यांचा डॅमसेल मासा देतात. घेऊ नका. तो बिचारा अमोनियात भाजतो, आणि वाचला तर नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला मारत सुटतो. त्याला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

दगडांवरून आठवले. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" (जिवाणू बसलेला दगड) आणि खडकाळ कोरल कुणी स्वस्तात देत असेल तर लांब राहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रघोडाही त्याच यादीत. यात खेड्यातला छंदी माणूस अडकला की सोडवायला कुणी येत नाही. सिरॅमिकचे किंवा कोरडे अ‍ॅरागोनाइटचे दगड घ्या. जिवाणू त्यांवरही बसतात, फक्त वेळ जास्त घेतात.

निळा टँग विसरा. दुकानात तो बोटाएवढा असतो, वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला पोहायला ६ फुटी टाकी लागते. त्यातून पांढऱ्या दाण्यांचा आजार सगळ्यात आधी त्यालाच होतो. क्लाउनची जोडी मात्र बरोबर निवडली आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, सीएमएफआरआयने, क्लाउनचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. टाकीत जन्मलेलेच मागा, ते दाणेदार खाद्यही खातात आणि आपल्या चुकाही सोसतात. दोन्ही लहान घ्या, एक थोडा मोठा, एक थोडा छोटा. हे मासे आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे नर-मादी ओळखून देतो म्हणणाऱ्याला जास्त पैसे देऊ नका. त्यांच्या सोबतीला एखादा गोबी, एखादा ब्लेनी, काही गोगलगायी. ३ फुटी टाकीला चार-पाच लहान मासे म्हणजे भरपूर. कोरलचा विचार एक पूर्ण वर्ष झाल्यावर.

मासा येणार नागपूरहून, किंवा मुंबई-चेन्नईहून पार्सलने. प्रवास बारा तासांच्या वर गेला असेल तर एक सवय सोडावी लागेल. गोड्या पाण्यात आपण पिशवी उघडून थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसतो. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएचही खाली गेलेला असतो, म्हणून तो अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि पीएच एक अंक चढला तर विषारी अमोनिया जवळपास दसपट होतो. म्हणून विक्रेत्याला त्याची क्षारता आधीच विचारा, क्वारंटाइनच्या (नवा मासा वेगळा ठेवण्याच्या) टबात तेवढीच करून ठेवा. बंद पिशवी पंधरा मिनिटे तरंगवून तापमान जुळवा, मग पिशवी उघडून मासा लगेच टबात. पिशवीतले पाणी फेकून द्या. टबात चार आठवडे ठेवून मगच मुख्य टाकीत. तांब्याचे औषध द्यायची वेळ आली तर ते टबातच. पांढरे दाणे मुख्य टाकीत शिरले तर सगळे मासे काढून ती अडीच महिने रिकामी चालवावी लागते, त्यापेक्षा चार आठवडे बरे.

हे सगळे आपल्या ऋतूंवर बसवले तर तुमचे वेळापत्रक असे होते. आता एप्रिल-मे टब आणि वही. पावसाळ्यात स्टँड, आरओ-डीआय, ड्रम, बॅटऱ्या. दसऱ्याच्या सुमारास पाणी भरायचे. फवारणी संपत आलेली असते, हवा निवते आणि कापूस घरात येऊ लागला की हातात पैसाही असतो. डिसेंबरपर्यंत जिवाणूंचे चक्र पूर्ण. मध्ये काचेवर तपकिरी थर येईल, मग हिरवे शेवाळ येईल. औषध टाकू नका, काच पुसा, थोड्या गोगलगायी सोडा, दोन-तीन महिन्यांत ते ओसरते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री ८-१० अंशांवर जातात, म्हणून हिटर लागतोच, आणि मासे मागवायचे ते थंडीची लाट ओसरल्यावर. क्लाउनची जोडी जानेवारीअखेर टबात, फेब्रुवारीअखेर मुख्य टाकीत. एवढ्यावरच पहिला उन्हाळा काढायचा. मार्च ते जून एकही नवा जीव आणायचा नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ४५ अंशांत आलेला मासा तुम्ही काय करून वाचवणार? तिसरा मासा पुढच्या पावसाळ्यात.

वाढदिवसाला मासा येत नाही, हे मला दिसते आहे. पण पुढच्या वाढदिवसाला येईल, आणि तो जिवंत असेल.

बजेटचे एक सांगतो. २५ हजारांत ३ फुटी टाकी, स्टँड, पंप, आरओ-डीआय, मीठ, किट, रिफ्रॅक्टोमीटर बसवता येते, पण ओढाताण होईल आणि चिलर त्यात नाही. खर्च वर्षभरात विभागला जातो, हा उशिरा सुरू करण्याचा अजून एक फायदा. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, कोरल नसताना साधा एलईडी पुरतो. टेस्ट किट आणि रिफ्रॅक्टोमीटरमध्ये वाचवू नका.

शेवटी तुम्ही विचारले की ओळखीच्या माणसाकडे जुना स्किमर पडून आहे, घ्यावा का. घ्या. आधी त्याला विचारा की त्याने टाकीत कधी तांब्याचे औषध टाकले होते का. टाकले असेल तर सोडून द्या. नसेल तर पाण्यात निम्मे पांढरे व्हिनेगर घालून रात्रभर भिजवा, पंपाचे पाते काढून आतला चुन्याचा थर घासा, साध्या पाण्यात दोन दिवस चालवून पाहा. पाते किंवा त्याची दांडी झिजलेली असेल तर नवी मिळते का ते आधी बघा. आणि मेअखेरीस टबाचे आकडे इथे टाका, सकाळचे आणि दुपारचे दोन्ही. पंखा पुरेल की नाही, ते तेव्हा नेमके सांगता येईल.